सकाळचे दहा

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी मेथी निवडत बसले होते. डोक्यात दुपारची तालीम होती.

आमची हौशी नाटकमंडळी परळला एका शाळेच्या वर्गात तालमी करते. दिग्दर्शक माझ्या भाच्याच्या वयाचा. पहिला अर्धा तास तो व्यायाम घेतो. तो एखादी वेळ सांगतो, आम्ही न बोलता वावरायचं, आणि किती वाजलेत ते बघणाऱ्याला आमच्या अंगावरून कळलं पाहिजे. पहाटेचे पाच मला सहज जमले. दुपारचे तीनही. मग तो म्हणाला, "सकाळचे दहा. घर आवरा."

मी आवरलं. त्यानं बाकीच्यांना विचारलं, किती वाजले? सगळे म्हणाले, रात्रीचे दोन.

"दोन कसले," नाटकात माझी जाऊ होणारी मैत्रीण म्हणाली. "ही तर भांडी चोरायला आलीय."

मी टाचा टेकवत नव्हते. हातात नसलेलं पातेलं ठेवतानाही खाली दुसरा हात धरत होते. कारण लगेच कळलं. वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला, म्हणजे रात्रभर कामावर. सकाळी घरी येऊन झोपायचे. दहा वाजता लालबागच्या आमच्या एका खोलीच्या घरात मध्यरात्र असायची. आई भांड्याखाली फडकं ठेवायची. आम्ही भावंडं खुणांनी भांडायचो.

दिग्दर्शकाला हे सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. "ताई, खरं आहे ते. पण प्रेक्षकांना तुमचे वडील दिसणार नाहीत. पहिला प्रवेशच सकाळी दहाचा आहे. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर भूमिका दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

त्याचं चुकलं नव्हतं. पण एवढी मोठी भूमिका मला पहिल्यांदाच मिळाली होती आणि ती सोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. बरोबर दहाला नवऱ्याला सांगितलं, आता मी आवाज करणार आहे.

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा," तो पेपरातून म्हणाला.

कुकरचं झाकण ओट्यावर टाकलं. खांदे कानापर्यंत गेले. पुन्हा टाकलं. मग डबे, ताटं, पळ्या. कपाटाचं दार आपटलं. शेजारीण बेल वाजवून सगळं ठीक ना, विचारून गेली. अकराला दहा कमी असताना परात टाकली, आणि खांदे जागेवरच राहिले. ती उचलली आणि पहिल्या प्रवेशाची वाक्यं म्हणायला लागले, मोठ्यानं.