पिशवीतलं कुलूप

आमच्या समोरच्या खोलीतल्या बाईइतकी घराला धरून बसलेली बाई अख्ख्या बोरीवलीत दुसरी नसेल. भिंत हलली असती, पण ही हलली नसती. नवऱ्याशी घटस्फोटाची केस चालू होती. तो कुर्ल्याला आईकडे राहायला गेलेला, खोली मात्र त्याच्या नावावर. वकिलानं हिला बजावलं होतं, "निकाल लागेपर्यंत ताबा सोडू नका. तुमच्या पाठी त्यानं कुलूप ठोकलं तर आत यायला वर्षं जातील." झालं. दीड वर्ष बाईनं खोली रिकामी म्हणून ठेवली नाही. भाजी दुसऱ्या मजल्यावरून टोपली सोडून घ्यायची, आणि वरूनच भाजीवाल्याशी अशी भांडायची की भाव उतरेल म्हणून खाली गिऱ्हाइकं थांबून राहायची. हळदीकुंकवाला बायकांनीच हिच्या उंबऱ्याशी यायचं. कोर्टाची तारीख असली की माझी बायको तिच्या खोलीत राखणीला जाऊन बसायची, आणि मला दुपारी थंड जेवण. "आता तिथंच पाटी लाव तुझ्या नावाची," मी म्हणायचो. "लावीन. तिथं तुमची कटकट नसते," ती म्हणायची.

नवरा दर रविवारी यायचा, पिशवीत हे एवढं नवं कुलूप घेऊन. बाई दारातूनच कपबशी पुढं करायची. "चहा घे. पण चप्पल बाहेर, आणि तू पण बाहेर." तो जिन्यावर बसून चहा प्यायचा, साखर कमी आहे म्हणायचा आणि कुलूप घेऊन परत जायचा.

अशाच एका रविवारी सकाळी माझी बायको गेली. बसल्या बसल्या. माझी हाक ऐकून बाई धावत आली, दार सताड उघडं टाकून. तिला आंघोळ घातली, साडी नेसवली, कुंकू लावलं. मी म्हटलं, "पोरी, आज रविवार. तो येईल."

"येऊ दे काका. काकीला अशी टाकून जाऊ?"

तो आलाच. आम्ही तिला घेऊन निघालो तेव्हा हिच्या उंबऱ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. पोचवून परत आलो, तरी तिथंच. बाई आमच्याकडचं आवरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाला, "गॅस चालू ठेवून गेलीस. दूध उतू गेलं होतं. पुसलंय." आणि पिशवी तिच्या हातात दिली. "दोन्ही किल्ल्या आत आहेत."

पुढं कोर्टात त्यानं खोली हिच्या नावावर लिहून दिली आणि घटस्फोट झाला. आता बाई भाजीला खाली उतरते. जाताना तेच कुलूप लावते आणि किल्ली माझ्याकडे ठेवते. माझ्या बायकोचं राखणीचं काम हल्ली ती किल्ली करते. खिळ्याला टांगलेली असते. मी काही वाकडं बोललो, तरी उलट उत्तर देत नाही.