मावशीचं कारंजं

माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहावं का, हेच मला नीट कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. शिवाय जिच्याविषयी लिहितो आहे, तिची मला किळस यायची. तेव्हा आधीच माफी मागतो.

ती तोंडात पाणी भरायची, गाल फुगवायची आणि मिसरीनं काळ्या पडलेल्या दातांमधून फुर्रकन उडवायची. कधी भिंतीवर, कधी स्वतःच्या पोटावर, बहुतेकदा समोरच्या लेकरावर. मग म्हणायची, "पाणी आपलंच हाय, बाई."

मी तेव्हा कळमनुरीत खोली घेऊन राहत होतो. घरमालकीण वहिनी शाळेत शिकवायच्या. त्यांची मुलगी जेमतेम दीड वर्षाची, दिसेल त्यात हात घालणारी. अंगणातली मोरी आम्हा सगळ्यांची एकच. एका सकाळी त्या पोरीनं पाणी तापवायच्या बंबाची तोटी फिरवली आणि पाय पोळून घेतला. पाय बरा झाला, पण पुढं लोटा दिसला तरी ती किंचाळायची. अंगाला पाणी लावू देईना. भर उन्हाळ्यात मानेवरच्या, काखेतल्या घामोळ्या चिघळल्या, वास येऊ लागला. वहिनी रडकुंडीला आल्या, तेव्हा कुणीतरी या मावशीला पाठवलं. घरोघरची लेकरं न्हाऊ घालणं हेच तिचं काम.

पहिल्या दिवशी तिनं लेकराला पाणी लावलंच नाही. स्वतः लुगड्यासकट मोरीत बसली, लेकराच्या हातात लोटा दिला आणि डोकं पुढं केलं.

"मला घाल आंघोळ. लई मळले मी."

हे मात्र खरं होतं. तिच्या केसांतल्या तेलाचा खवट वास माझ्या खोलीपर्यंत यायचा. लेकरू पाणी ओतायचं, ती कारंजं उडवायची. असं होता होता ते खिदळत तिच्या पायांवर जाऊन बसू लागलं.

न्हाऊ घालताना तिचे दोन्ही हात गुंतलेले असत. म्हणून पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमट्यात ती लेकराचा घोटा धरून ठेवायची. टाचेच्या भेगांत शेण, नखं काळी, आणि त्यात तो साय चोळलेला गोरा पाय. मी मान फिरवायचो. तुम्हीही फिरवली असती. लेकरू बंबाकडं झेपावलं, की तो चिमटा सुटायचा नाही. वहिनींनी दारातून हाक मारली तरी मावशी उठायची नाही. "लेकरू पाण्यात हाय, मी न्हाई येत," एवढंच.

एकदा न राहवून मी म्हणालो, "मावशी, निदान आधी चूळ तरी भरत जा."

"चूळच हाय की ती, भाऊ. वाया काहून घालवू?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढं वहिनींचे हेडमास्तर चहाला आले. लेकरानं पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सोडलं. दुसऱ्याच दिवशी वहिनींनी मावशीला साडी-चोळी देऊन निरोप दिला. "शिकली बया," असं लेकराकडं बघून म्हणत ती हसत गेली. मी फिनेल आणून मोरी घासली.

परवा, इतक्या वर्षांनी, नांदेडच्या स्टँडवर वहिनी भेटल्या. मुलगी आता हायस्कुलात आहे. मावशीचं अंग लुळं पडलं होतं, म्हणाल्या. सुनेला पाणी लावू देईना, पाठीला जखमा, खोलीत उभं राहवेना. दोघी तिला बघायला गेल्या, तेव्हा वहिनी नाकाला पदर लावून दारातच थांबल्या. लहानपणचं सगळं आईकडून ऐकलेली मुलगी मात्र आत गेली. मावशीच्या चालत्या हातात तिनं लोटा दिला आणि आपलं डोकं पुढं केलं.

"मला घाल आंघोळ, मावशी."

निम्मं पाणी गादीवर सांडलं. मग मुलीनं गाल फुगवून कारंजं सोडलं. मावशी हसली, वाकड्या ओठातून लाळ गळली. मुलीनं ती पुसली, नुसत्या हातानं. त्या दिवशी मावशीनं अंगाला पाणी लावू दिलं.

"गेल्या आठवड्यात गेली," वहिनी म्हणाल्या.