पाणी जायची वाट

नर्सच्या ट्रेनिंगची मुलाखत दहा वाजता होती, आणि सव्वादहा वाजता मी नांदेडच्या स्टेशनजवळच्या एका लॉजच्या मागच्या अंगणात परक्या माणसांच्या बादल्या सांभाळत उभी होते. मला जाग आली नव्हती असं नाही, रस्ता चुकला होता असंही नाही. नळ चालू होता म्हणून मी थांबले होते. चालू नळ टाकून माणसानं उठायचं असतं, हे वीस वर्षांच्या त्या मॅट्रिक पास शहाणीला कुणी शिकवलंच नव्हतं. आज तिला बघितलं असतं तर मीच तिच्या डोक्यात तांब्या घातला असता.

त्या साली आमच्या अहमदपूरकडं पाऊस आला नाही आणि नवा जिल्हा आला. पाऊस आला असता तर जिल्ह्याकडं बघायला कुणाला सवड झाली नसती. काल उस्मानाबाद जिल्ह्यात झोपलेलं आमचं गाव सकाळी लातूर जिल्ह्यात उठलं, एवढंच आम्हाला कळलं. बाकी धुरळा तोच होता. आईबाप रोजगार हमीच्या खडीवर जायचे. म्हणून मला नांदेडला पोचवायचं काम मामाकडं आलं. मामानं एसटीनं आणलं, लॉजात उभं केलं, आणि उद्या दुपारच्या गाडीनं येतो म्हणून तो त्याच्या कामाला उमरीला निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला की कुणी काही दिलं तर खाऊ नको. कुणी काही देईना, त्यामुळं तेवढी एक आज्ञा माझ्याकडून पाळली गेली.

लॉज म्हणजे काय ते मला आधी समजेना. मला वाटलं कुणाचं तरी घर आहे. मी चपला बाहेर काढल्या, आत जाऊन काउंटरमागच्या मॅनेजरच्या पाया पडायला वाकले, तर तो खुर्चीसकट मागं सरकला. मग त्यानं एक लांबलचक रजिस्टर पुढं केलं. कुठून आलात, कुठं जाणार, कशासाठी. मी 'कशासाठी' च्या रकान्यात इतकं लिहिलं की ते खालच्या दोन ओळींत उतरलं. गावापुढं जिल्हा उस्मानाबाद लिहिला. त्यानं तो खोडून वर लातूर लिहिलं.

मी म्हटलं, पण माझ्या मुलाखतीच्या पत्रावर उस्मानाबाद आहे. तो म्हणाला, पत्र जुनं असेल. पत्र आठ दिवसांपूर्वी आलं होतं. मी ते पिशवीतून काढून दाखवलं. त्यानं पत्र बघितलं, मला बघितलं आणि रजिस्टर मिटून टाकलं. बायकांच्या हॉलमधली चार नंबरची खाट मला मिळाली.

हॉलमध्ये सहा लोखंडी खाटा होत्या. खिडकीतून इंजिनाची काजळी आत यायची आणि चादरीवर बसायची. चादर झटकायची का पांघरायची, झटकली तर कुणाच्या अंगावर, असा सगळा माझा घोळ. गाडी आली की खाट हलायची. पहिल्यांदा हलली तेव्हा मी उठून उभी राहिले, बाकीच्या बायका आपल्या बोलतच राहिल्या. पलीकडच्या खाटेवर उदगीरकडची एक वयस्कर बाई होती. दुकानदाराच्या घरातली, कपाळाला विभूती, गळ्यात चांदीची डबी. मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवायला सुनेला घेऊन आली होती. बोलायला लई गोड. तिनं गाव विचारलं, मी सांगितलं. आडनाव विचारलं, मी पुन्हा गावच सांगितलं. गावात कुठल्या अंगाला राहता, म्हणाली. मी म्हटलं, टाकीजवळ. तिनं मान हलवली, आणि पितळी तांब्या खाटेखालून काढून भिंतीकडच्या बाजूला ठेवला. मला समजलं आणि समजलं नाही असं करून मी भाकरीचं फडकं सोडलं.

आता टाकीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या वस्तीत सिमेंटची टाकी होती. टँकर सगळं गाव फिरून शेवटी आमच्याकडं यायचा आणि त्या टाकीत ओतून जायचा. टाकीला नळ होता, पण त्याला तोटी नव्हती. कुणीतरी काढून नेली होती, आणि नवी बसवावी असं कुणाला वाटलं नव्हतं, कारण आलेलं पाणी बंद करायची इच्छा कुणाला होणार? पाइपला लाकडाची खुंटी मारलेली असायची. टँकर आला की ती काढायची, मग धार संपेपर्यंत भरायचं. सगळी माणसं खडीवर. त्यामुळं जी बाई घरी असेल तिनं सगळ्या वस्तीचं भरायचं असा नियम. कुणाच्याही घरात शिरायचं, हाताला लागेल ते भांडं उचलायचं. शेवटची धार तुटेपर्यंत जागचं हलायचं नाही. एकदा एक नवी सून पोर रडतंय म्हणून मधेच उठली, तर वर्ष झालं तरी तिचं ते काढत होते.

तर पहाटे मी अंघोळीसाठी उठले. मागच्या अंगणात धुण्याचा दगड, भिंतीला पितळी नळ, वर चकचकीत चक्री. कुणी रांगेत नाही. मी तिथं थोडा वेळ रांगेत उभी राहिले, एकटीच. मग ती चक्री काय आहे म्हणून फिरवून बघितली, आणि नेमकं त्याच वेळी पाणी आलं.

मला वाटलं, काय योग आहे बघा. आज इथं पाणी यायचा दिवस, आणि मी हजर.

पहिली बादली माझी भरली. मग आत डोकावले, सगळ्या झोपलेल्या. बिचाऱ्यांना पत्ताच नाही पाणी आल्याचा. हाक मारून उठवायची लाज वाटली, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणं मीच सुरू केलं. हॉलमधल्या दोन घागरी, खाटांखालचे तांबे, फिरकीचे डबे, कुणाचा तरी थर्मास. उदगीरच्या बाईचा पितळी तांब्याही. उचलताना हात जरा थबकला. पण पाणी आलेलं असताना विचार करत कोण बसतं. अंगणाच्या कडेला लॉजची पिंपं होती, ती भरली. स्वयंपाकखोलीबाहेर पातेली उपडी घातली होती, ती सुलटी करून भरली. फुटक्या टपात गोणपाट कोंबून तोही भरला.

पाणी जाईना.

मी असं पाणी जन्मात बघितलं नव्हतं. आमच्याकडं अर्ध्या तासात धार करंगळीएवढी व्हायची. इथं मनगटाएवढी, आणि तशीच. मला आधी आनंद झाला, मग भीती वाटायला लागली. भांडी संपली की काय करायचं? उजाडल्यावर बायका उठून येऊ लागल्या. आता त्यांनी मला हटकावं की नाही? पण त्यांना वाटलं ही लॉजची नवी कामवाली. एकीनं आपली बादली आणून दिली, दुसरीनं गरम पाणी कधी मिळेल म्हणून विचारलं. वरच्या मजल्यावरून पुरुष मंडळींच्या बादल्याही खाली यायला लागल्या. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आपण घरी आहोत, आपण भरायचं. भरून जिन्यापाशी ठेवत गेले. मधल्या वेळात धार वाया जाऊ नये म्हणून लॉजच्या चादरी धुवायला घेतल्या. माझी साडीही धुतली. मुलाखतीला नेसायची होती तीच.

मुलाखत डोक्यात नव्हती असं नाही. दर दहा मिनिटांनी मनाशी म्हणत होते, एवढं पाणी गेलं की निघायचं.

गेलं एकदाचं. नळ खोकला, दोनदा थुंकला आणि थांबला. मी कंबर धरून उभी राहिले. इतकं समाधान झालं की काय सांगू. सगळं भरलंय, एक भांडं रिकामं नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावर आरडाओरडा सुरू झाला. एक जण दाढीचा फेस घेऊन जिन्यात आला, दुसरा टॉवेल गुंडाळून, डोक्यापासून साबणात. मोरीतले नळ कोरडे पडले होते. गच्चीवरची टाकी मी पार तळापर्यंत उपसली होती. मोटर लावायची तर वीज गेलेली, ती दुपारी येणार.

त्यांच्या गोंधळाचा मला उलगडा होईना. पाणी गेलं म्हणून एवढं काय, पाणी जाणारच. मी भरून ठेवलंय की. मी जाऊन साबणवाल्याच्या हातात बादली दिली. त्यानं डोळे मिटूनच ती घेतली. मग मी सगळ्यांना वाटत सुटले. उदगीरच्या बाईची पूजा खोळंबली होती. तिनं तांब्या बघितला, काठोकाठ भरलेला. माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. ती तांब्या उचलून आत गेली. पूजेला वापरलं की चूळ भरली, ते मला आजवर कळलेलं नाही.

लॉजवर काम करणारी मावशी तेवढ्यात आली. मॅनेजर तिच्यावर ओरडला, ती माझ्यावर.

"नळ बंद का न्हाई केलीस गं?"

मी म्हटलं, पाणी जायची वाट बघत होते.

तिनं मला नळापाशी नेलं, चक्री उलटी फिरवून दाखवली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "इथं पाणी जात नसतंय. आपण धाडायचं असतंय." मग तिनं विचारलं, मी इथं कशाला आले. मी सांगितलं मुलाखतीला. कधी आहे. दहाला. तिनं काउंटरवरच्या घड्याळाकडं बोट केलं.

ओली साडी पिळून तशीच नेसले. पिशवी छातीशी धरून पळाले. दोनदा रस्ता विचारला, दोन्ही वेळा माणसांनी आधी मी कशानं भिजले ते विचारलं, त्या कोरड्या साली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कारकून यादी गुंडाळत होता. उस्मानाबादच्या मुली होऊन गेल्या, म्हणाला. नाव तीनदा पुकारलं. ही जागा गेली की घरी काय वाट होती ते मला माहीत होतं. सोयरीक ठरत आली होती, आणि नाहीतर खडी. मी म्हटलं, मी उस्मानाबादची नाही हो, कालपासून लातूरची आहे, लॉजच्या रजिस्टरमध्ये बघा. त्यानं लातूरची यादी काढली, ती दुपारी होती. तिच्यात माझं नाव नव्हतं.

"मग मी कुठली?" मी विचारलं. ते मी खरोखरच विचारत होते, वाद घालत नव्हते.

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. शेजारच्या टेबलावर जाऊन विचारून आला. त्या टेबलालाही माहीत नव्हतं. शेवटी, बाकावर बस, मेट्रनबाईंना विचारतो, म्हणाला. मी बसले ती चारपर्यंत. साडी अंगावरच वाळली. लातूरच्या सगळ्या मुली आत जाऊन हसत बाहेर आल्या. मामा मला शोधत आला, लॉजवर सगळं ऐकून आला होता. तो खांबाला टेकून उभा राहिला.

सगळ्यात शेवटी मला आत बोलावलं. मेट्रनबाई धिप्पाड, पांढऱ्याशुभ्र, टेबलावर दोन याद्या आणि माझं पत्र. त्यांनी पहिलंच विचारलं, सकाळी का आली नाहीस. ताप होता म्हणावं, गाडी चुकली म्हणावं, एवढी अक्कल कुणालाही असते. मी म्हटलं, पाणी आलं होतं.

मग सगळं सांगत बसले. टाकी, तोटी, खुंटी, लॉजची चक्री, साबणवाला माणूस. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं, तेव्हा कुठं सकाळी काय करून बसले ते डोक्यात शिरलं. बाईंच्या शेजारचे डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. बाई मात्र हसल्या नाहीत.

त्यांनी विचारलं, त्या लॉजात तुझ्या ओळखीचं कोण होतं? मी म्हटलं, कुणीच नाही. किती जणांचं भरलंस? मी म्हटलं, मोजलं नाही.

त्यांनी उस्मानाबादच्या यादीकडं बघितलं, लातूरच्या यादीकडं बघितलं. मग दुसरीच्या खाली पेनानं माझं नाव लिहिलं, त्यावर सही केली, आणि टोपण लावता लावता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"सोमवारी सामान घेऊन ये. आणि हे बघ, वॉर्डात पाणी आलं तरी पेशंटला सोडून उठायचं नाही."