सुजलेले पाय आणि किडनीचे डॉक्टर

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या गणपतीत आरतीनंतर निवृत्त डॉक्टर काकांचा फुकट दवाखाना भरतो. हयातभर किडन्या तपासलेला माणूस! माझी रूममेट त्यांच्यासमोर बसली. पाळीआधी पाय सुजतात म्हणून ती गणपतीपर्यंत चालणाऱ्या इथल्या भर उन्हाळ्यात पाणी पिणंच टाळत होती, आणि सकाळी चक्कर येऊन पडली होती. ‘पाळी’ ऐकताच काकांनी मान फिरवली. "हे काकूला विचार बेटा, इथे देव बसलाय."

शिसारी आली मला. मी म्हटलं, "देवाला चालतंय काका, विटाळ तुम्हाला होतोय." मग मीच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पाळीआधी हॉर्मोन्समुळे किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. तहान मारून सूज जात नाही." रूममेटने सगळ्यांदेखत पाण्याचा ग्लास उचलला आणि घटाघट रिकामा केला.