पाय माझा, सही माझी

आमच्या थोरल्या जाऊबाई सव्वीस वर्षं इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या आहेत. दुकान म्हणायला दिरांचं, पण काम ओढतात त्या. कमरेतून डाव्या पायात कळा यायला लागल्या तेव्हाही त्या उभ्याच. दुखलं की फडक्याची घडी करायची, तिच्यावर गरम इस्त्री फिरवायची आणि ती घडी अंगावर दाबायची. झालं इस्त्रीवाल्यांचं औषध!

एका दुपारी तशी घडी पोटरीला बांधून त्या शर्ट करत राहिल्या. सोडून बघते तर हा एवढा फोड! मी ओरडले, "अहो, भाजलंय ना!" तर म्हणतात, "कुठे?" चटका त्यांना कळलाच नव्हता; मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एमआरआय बघून स्पष्ट सांगितलं. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबतेय. पोटरीपासून अंगठ्यापर्यंत बधिर झालंय, पावलातली ताकद चाललीय, थांबलात तर ती परत येईलच असं नाही. हल्ली ऑपरेशन दुर्बिणीतून, बोटभर छेदातून करतात, त्याच संध्याकाळी उभं करतात. पण पाय पूर्ण सुधारेल याची हमी नाही.

घरात नुसता गहजब. दिरांचा एक मित्र वीस वर्षांपूर्वी पाठीच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळला होता. "मणक्याला हात लावू द्यायचा नाही. मी सही करणार नाही," दीर म्हणाले. शेजारीपण लागले अक्कल पाजळायला. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं?

जाऊबाईंनी इस्त्री बंद केली. "पाय माझा, सही माझी. तुम्ही दुकान सांभाळा." मग माझ्याकडे वळून, "चल गं, बघत काय राहिलीस?"

ऑपरेशन झालं. संध्याकाळी वॉकर धरून बाई संडासापर्यंत जाऊन आल्या. दीर उशिरा उगवले, तोंड फुगवून स्टुलावर बसले.

"अहो, जरा अंगठ्याला चिमटा काढा."

दिरांनी भीत भीत काढला.

"जेवला नाहीत का? जोरात!"

त्यांनी दात-ओठ खाऊन काढला.

"आई गं! मेले मी!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. दीर तो अंगठा धरून ढसाढसा रडायला लागले, एवढा मोठा बाप्या! मलाही राहवलं नाही.

बाई मात्र कडाडल्या, "रडताय कसले? पुन्हा काढलात तर याच पायाने लाथ घालीन."