ऊन पडलं तर पाणी स्वच्छ

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या प्लांटमध्ये तर स्वच्छ पाणी कमी आणि किस्सेच जास्त साठले.

प्लांट म्हणजे सुदुंबऱ्याजवळ कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यामागच्या तीन टाक्या. रंगाच्या पाण्यात पांढरी पावडर टाकायची, वरून ऊन पडलं की पावडर रंगाचे तुकडे पाडते. मी तिथली केमिस्ट. पहिल्याच दिवशी हा प्रकल्प उभारणाऱ्या आमच्या सरांनी ऑपरेटर किसनआबांना समजावलं, "आबा, उन्हात ही पावडर जागी होते!"

"आन् ढग आलं की झोपती?"

"तसंच काहीसं."

उद्घाटन जुलैत होतं. मावळात!

*

ऊन येईना, म्हणून सरांनी यूव्ही दिवे आणले. फाटकावरचा 'सूर्यप्रकाशावर चालणारा प्रकल्प' हा बोर्ड मात्र तसाच. एका गुरुवारी लाइट गेली आणि नेमके पाहुणे आले. "बंद का आहे?"

आबा शांतपणे म्हणाले, "सूर्याचा फ्यूज उडालाय."

*

ऑक्टोबरात कडक ऊन पडलं आणि रंग खरंच गेला! पण पावडर काही खाली बसेना. पाणी पांढरंफटक. सर खूश. "गेला की नाही रंग?"

"गेला की," आबा म्हणाले. "आता दूध आलंय."

शेजारच्या शेतातल्या हिरामावशींची म्हैस टाकीपाशी आली, तिनं हुंगलं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. इतका स्पष्ट रिपोर्ट मला कुठल्याच लॅबनं दिलेला नाही.

*

पुढच्या पावसाळ्यात लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर सरांचं प्रेझेंटेशन. बाहेर धुकं असं, की पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडेना. आत पडद्यावर लख्ख उन्हातला आमचा प्लांट. "फुकट ऊर्जा, बारा महिने!"

मागून एका बाईंनी विचारलं, "धुक्यात किती चालतो?"

"उत्तम प्रश्न!" सर म्हणाले. "चहा घेऊ या."

*

हिरामावशींची विहीर ओढ्याकाठी, आणि आमचं पाणी त्याच ओढ्यात. विहिरीला गुलाबी झाक आलेली. मावशी येता-जाता आमच्या पाइपाखाली डोकावायच्या. "कवा व्हायचं गं पोरी, नीट?" याची थट्टा मात्र मला कधी जमली नाही.

एका सकाळी पाइपातून नितळ पाणी आलं. तळाचा खडा दिसावा, असं! मी तीनदा तपासलं. रंगाचा मागमूस नाही. सर फोटो काढत सुटले, फोनवर फोन. मावशींनी ओंजळ भरून घेतली आणि बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले, माझेही.

"आबा, उद्या बी असंच येईल न्हवं?"

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"न्हाई, हिराबाई. उद्या कारखान्याची सुट्टी संपतीय."