दुसऱ्याची जुडी

मला मेथी निवडता येते, असा माझा पंचेचाळीस वर्षं गैरसमज होता. तो ज्या ताईंनी दूर केला, त्यांची आठवण मला इतर वारीही येते. पण शनिवारी ती दुपारी तीनला येऊन बसते आणि पाचपर्यंत हलत नाही.

तेव्हा मी आजारी होते. ताप-खोकला असता तर लोकांनी पेज आणून दिली असती. मला उठवतच नसे. आंघोळीला जायचं की नाही हे ठरवण्यात अकरा वाजत. कॉलेजातल्या नोकरीतून बिनपगारी रजा घेतली होती. नातेवाईक फोनवर सांगत, कशात तरी मन रमव. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्याच कागदाच्या मागे एक पत्ता लिहून दिला. स्वारगेटपासून चालत दहा मिनिटांवर एका बुद्धविहारामागची खोली, दर शनिवारी तीन ते पाच. तिथे तुमच्यासारखी माणसं भेटतात, म्हणाले. माझ्यासारखी माणसं भेटावीत अशी माझी अजिबात इच्छा नव्हती. नवऱ्याने जवळजवळ ओढत नेलं.

खोलीत सतरंजीवर दहा-बारा माणसं भाजी निवडत बसली होती. मला वाटलं, चुकून कुणाच्या लग्नघरात शिरलो. कोणी गवार मोडत होतं, कोणी मटार सोलत होतं, मधूनच कोणी बोलत होतं, बाकीचे मान खाली घालून ऐकत होते. मला कुणीही कशी आहेस असं विचारलं नाही. भिंतीला टेकून बसलेल्या सत्तरीच्या एका ताईंनी फक्त विचारलं, काय आणलंय? मी काहीच आणलं नव्हतं. त्यांनी शेजारच्याची मेथीची जुडी माझ्यासमोर सरकवली.

ही पद्धत त्यांचीच. सरकारी कचेरीत त्यांनी नोकरी पुरी केली, पण तिशीपासून त्यांना आवाज ऐकू येत. गोळ्यांनी आवाज दबत, हात मात्र थरथरत. रिकाम्या हातांनी त्यांना बसवत नसे, म्हणून येताना मंडईतून भाजी घेऊन येत. हळूहळू सगळेच आणू लागले. नियम एकच होता, आपली पिशवी आपण निवडायची नाही. दुसऱ्याची निवडायची आणि आपली दुसऱ्याच्या हातची घरी न्यायची. पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी हात उचलवला नाही, तरी फ्रीजमध्ये कुणीतरी आपल्यासाठी निवडलेली भाजी असायची. ती तव्यावर नुसती परतायची. असे दिवस मी पुष्कळ काढलेत. ती भाजी नसती तर माझी मुलगी त्या दिवशी वेफर्स खाऊन झोपली असती.

माझी पिशवी ताईच घेत आणि त्यांची मी. मी निवडलेल्या ढिगातून त्या दोन बोटांनी देठं वर काढत. पहिल्या दिवशी मला राग आला. मग कळलं, त्या भाजी तपासत नव्हत्या. जाड देठं राहिली की म्हणत, झोप झाली नाही वाटतं. पानं चुरगळली असली की म्हणत, घरी कुणाशी वाजलं? कधी चुकल्या नाहीत. डॉक्टरांपुढे मी ठीक आहे असं सांगून सुटता येई. मेथीपुढे नाही.

अशी दोन वर्षं गेली आणि मी बरी झाले. पुन्हा कॉलेजात जाऊ लागले. कॉलेज वाघोलीला, म्हणून आम्ही तिकडेच फ्लॅट घेतला. शनिवारी दुपारी नगर रस्त्याने स्वारगेटला यायचं म्हणजे सुट्टी रस्त्यातच संपते, असं मी स्वतःला सांगत असे. खरं सांगायचं तर मला त्या खोलीची लाज वाटू लागली होती. ताई फोन करत. मी म्हणत असे, येते पुढच्या शनिवारी. असे आठ महिने गेले.

मग एकदा गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाटेत मॉलमधून सोललेल्या मटारचं पाकीट घेतलं. दहा माणसांच्या मध्ये ते ठेवलं तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. ताईंनी पाकीट उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे तर झालेलंच आहे," त्या म्हणाल्या. "आता मी काय करू?"

सगळे हसले, मीही हसले. पुणेरी टोमणा म्हणून मी तो खिशात घातला. पण त्या दिवशी ताईंनी दुसऱ्या कुणाची पिशवी घेतली नाही. दोन तास हात मांडीवर ठेवून बसल्या आणि ते हात थरथरत होते. निघताना मी म्हणाले, पुढच्या शनिवारी मेथी आणते, दोन जुड्या. त्या म्हणाल्या, "मातीसकट आण."

पुढच्या शनिवारी आमच्याकडे पाहुणे आले. खास कोणी नव्हते, नवऱ्याच्या ऑफिसातले. मी फोनही केला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मेथी घेऊन पोचले, तर भिंतीजवळची जागा रिकामी होती. गट चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पुतण्या त्यांना कायमचं नागपूरला घेऊन गेला. एकटीने राहणं आता जमत नव्हतं. गेल्या शनिवारी संध्याकाळची गाडी होती, तरी त्या तीनला येऊन बसल्या होत्या. कुणी जुडी पुढे केली की म्हणत, माझी यायची आहे. पाच वाजता पुतण्या घ्यायला आला.

त्यांचा फोन लागत नाही. नागपूरचा पत्ता गटातल्या कुणाकडेच नाही. मला त्या हव्या आहेत. बरी असताना जास्त हव्या आहेत, हे मला आधी कळायला हवं होतं.

आता मी एकही शनिवार चुकवत नाही. मातीसकट मेथी नेते, शेजारची बाई ती निवडते, मी तिची निवडते. परवा रात्रभर झोप नव्हती. तिच्या ढिगात मी बरीच जाड देठं तशीच राहू दिली आणि वाट पाहिली. तिने पिशवी भरली, छान झाली म्हणाली आणि घरी गेली.